वाल्देमार हाफकिन : आरोग्यसेवेस नव्याने लागणाऱ्यांनी वाचावे असे एक चरित्र

आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांमधून कितीतरी तरुण व तरुणी सार्वजनिक आरोग्य खात्याच्या नोकरीत शिरतात. कोणी परिचारिका होते, कोणी आरोग्यसेवक, कोणी आशा कार्यकर्ती म्हणून घरोघर फिरते, तर कोणी प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून राहतो. कामावर रुजू होताच त्यांस काही दिवस शिक्षण देण्यात येते. लस किती थंडीत ठेवावी, कुपी उघडल्याची वेळ कोठे लिहावी, हात केव्हा धुवावे, एका माणसास वापरलेली सुई दुसऱ्यास का वापरू नये, असे अनेक लहानसहान नियम त्यांस सांगतात. पुष्कळांस ते नियम कंटाळवाणे वाटतात. वरिष्ठ समोर आहेत तोपर्यंत पाळावे, मग आपल्या सोईने करावे, अशी प्रवृत्ती मनुष्यस्वभावात आहेच. ज्या थोर पुरुषाचे चरित्र आज येथे सांगावयाचे आहे त्याच्या आयुष्याची घडी अशाच एका लहानशा नियमाच्या उल्लंघनाने विसकटली, आणि त्यापायी एकोणीस निरपराध माणसे प्राणांस मुकली. म्हणून हे चरित्र सर्वांनीच, परंतु विशेषेकरून आरोग्यसेवेत नव्याने पाऊल टाकणाऱ्यांनी, लक्षपूर्वक वाचावे.

शिवडीहून खाडी ओलांडून येणारा सागरी सेतू २०२४ च्या जानेवारीत खुला झाला. तो जासईच्या शेजारी चिर्ले येथे उतरतो. ह्या सेतूवरून जासईकर मंडळी मुंबईस गेली म्हणजे शिवडीच्या पुढे परळ लागते, आणि तेथे हाफकिन संस्था नावाची जुनी, प्रशस्त वास्तू उभी आहे. हे नाव सर्वांच्या कानांवरून गेलेले असते. परंतु हाफकिन हे कोण, कोठले, आणि आपल्या ह्या उरण भागाशीही त्यांच्या कार्याचा संबंध कसा आला, हे फार थोड्यांस ठाऊक असते.

वाल्देमार मोर्देकाय हाफकिन ह्यांचा जन्म १८६० साली रशियाच्या साम्राज्यातील ओडेसा शहरी एका यहूदी कुटुंबात झाला. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. तेथे त्यांस इल्या मेचनिकोव ह्यांच्यासारखा गुरू लाभला. पुढे ह्याच मेचनिकोवांस नोबेल पारितोषिक मिळाले. त्या काळी रशियात यहूदी लोकांचा फार छळ होत असे. १८८१ साली ओडेसात दंगली उसळल्या तेव्हा तरुण हाफकिन आपल्या लोकांच्या रक्षणार्थ पुढे झाले, जखमी झाले व पकडलेही गेले. गुरूंच्या मध्यस्थीने त्यांची सुटका झाली. त्यांची विद्वत्ता पाहता विद्यापीठात अध्यापकाची जागा मिळणे कठीण नव्हते. परंतु त्यासाठी रशियन राजधर्म स्वीकारणे भाग होते. पोटासाठी धर्म बदलण्यास त्यांनी नकार दिला, आणि प्राणिशास्त्राच्या वस्तुसंग्रहालयातील एका साध्या जागेवर ते काही वर्षे राबले.

१८८८ साली त्यांनी स्वदेश सोडला. जिनिव्हा येथे काही काळ शिकविण्याचे काम करून पुढील वर्षी ते पॅरिसला लुई पाश्चर ह्यांच्या संस्थेत आले. तेथे शास्त्रज्ञाची जागा रिकामी नव्हती, म्हणून त्यांनी ग्रंथालयातील साहाय्यकाची जागा पत्करली. दिवसा पुस्तके लावावी आणि उरलेल्या वेळी सूक्ष्मदर्शक यंत्रापुढे बसावे, असा त्यांचा क्रम असे. आरोग्यसेवेत लागलेल्या ज्या तरुणास पहिली जागा मनासारखी मिळाली नाही, त्याने ही गोष्ट मनात बाळगण्यासारखी आहे.

त्या काळी पटकी हा महाभयंकर रोग होता. हाफकिन ह्यांनी पटकीच्या जंतूंपासून लस तयार केली. प्राण्यांवर तिचा प्रयोग करून झाला. आता मनुष्यावर कोणी करावा? १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले, आणि मग ते बरे झाले. आपण जे दुसऱ्याच्या शरीरात घालणार ते आधी आपल्या शरीरात घालून पाहावयाचे, हा त्यांच्या कार्याचा पाया होता, आणि तो त्यांनी पुढेही ढळू दिला नाही.

लस खरोखर उपयोगी आहे की नाही हे, जेथे पटकी कायम ठाण मांडून बसली आहे, अशाच देशात कळणार होते. म्हणून १८९३ च्या मार्च महिन्यात ते कलकत्त्यास आले. आरंभी लोकांचा त्यांच्यावर विश्वास बसेना. परका मनुष्य, हातात सुई, आणि सुईत रोगाचेच जंतू! लोकांस संशय यावा ह्यात नवल ते काय? १८९४ साली कलकत्त्याच्या एका वस्तीत त्यांच्यावर दगडही आले. त्या वेळी त्यांनी पोलिसांस बोलाविले नाही. त्यांनी आपला सदरा वर केला आणि सोबतच्या डॉक्टरांकडून लोकांच्या देखत स्वतःस लस टोचून घेतली. ते पाहून वस्तीतील अर्ध्याहून अधिक माणसे आपणहून पुढे आली. पुढे त्या वस्तीत पटकी आली तेव्हा लस घेतलेले लोक बचावले. त्यांच्याबरोबर चौधरी, घोष, चटर्जी व दत्त हे भारतीय डॉक्टर काम करीत होते. परदेशी शास्त्रज्ञाच्या अंगी विद्या असली तरी वस्तीतील माणसांशी त्यांच्या भाषेत बोलून त्यांची समजूत घालण्याचे काम स्थानिक माणसांवाचून होत नाही, हे हाफकिन जाणून होते. आपल्या सेवकांस ते टोचणीची रीत शिकवीत, आणि टोचलेल्या व न टोचलेल्या माणसांची वेगवेगळी नोंद ठेवीत. एकाच घरातील कोणी लस घेतली, कोणी नाही, आणि रोग कोणास झाला, ह्या नोंदीवाचून लसीचा गुण सिद्ध होत नाही. आजचा आरोग्यसेवक नोंदवही भरताना कंटाळतो, तेव्हा त्याने हे ध्यानात आणावे.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात माणसे पटापट मरू लागली. डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनी हा गाठीचा प्लेग असल्याचे ओळखले. लोक शहर सोडून पळू लागले, आणि त्यांच्याबरोबर रोगही खेड्यांकडे चालला. सरकारने हाफकिन ह्यांस बोलाविले व ते ऑक्टोबरात मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांस थोडकी जागा मिळाली. मदतीस एक लेखनिक व तीन शिपाई, एवढाच परिवार. ज्यांनी कधी जंतू पाहिला नाही अशा माणसांस हाताशी धरून, त्यांस काचेची भांडी उकळणे, बुचे लावणे, ज्योतीवर अवजारे तापविणे हे सारे शिकवून, त्यांनी रात्रंदिवस काम चालविले. ताण इतका होता की काही मदतनीस टिकले नाहीत.

ही लस कशी तयार होई ते समजण्यासारखे आहे. मांसाच्या रसात प्लेगचे जंतू वाढवावयाचे. हिंदू व मुसलमान ह्या दोघांच्याही भावना दुखावू नयेत म्हणून हाफकिन ह्यांनी बकऱ्याचे मांस वापरले. त्या रसावर तुपाचे थेंब सोडावयाचे. त्या थेंबांना धरून जंतूंची वाढ छतास लोंबणाऱ्या धाग्यांप्रमाणे खाली उतरे. मधून मधून भांडे हलवून ते धागे खाली पाडावयाचे, म्हणजे वर नवी वाढ होई. असे काही आठवडे चालल्यावर भांडे तापवून जंतू मारावयाचे आणि त्यात थोडे कार्बोलिक घालावयाचे. ह्या सबंध क्रमात एखादा परका जंतू आत शिरला तर सारे व्यर्थ, इतकेच नव्हे तर घातक! म्हणून प्रत्येक भांडे, प्रत्येक बूच व प्रत्येक चिमटा शुद्ध ठेवण्यावर त्यांचा कटाक्ष असे.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लसदेखील प्रथम स्वतःस टोचून घेतली, आणि तीही पुढे इतरांस दिली त्याहून मोठ्या प्रमाणात. त्याच महिन्याअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला असता तेथील जे कैदी स्वखुशीने पुढे आले त्यांस लस देण्यात आली. लस घेतलेल्यांपैकी फारच थोडे आजारी पडले, आणि न घेतलेल्यांत मृत्यू झाले. त्यानंतर ज्या ठिकाणी प्रथम टोचणी झाली त्यांत आपल्या उरणचे मोरा बंदर होते. मुंबईहून बोटीने येणारा प्लेग मोऱ्यास उतरला, आणि त्याच वाटेने लसही आली. दमण, लोणावळे, खडकी ही नावेही त्या आरंभीच्या यादीत आहेत. १८९८ साली हुबळी येथे तर लोक हजारोंच्या संख्येने लस घेण्यास आले.

ह्याच सुमारास पुण्यात काय चालले होते ते वाचकांस ठाऊकच आहे. प्लेगच्या बंदोबस्तासाठी शिपाई घरांत शिरत, माणसांस ओढून नेत, देवघराचा व स्वयंपाकघराचा विचार करीत नसत. त्यातून लोकक्षोभ उसळला आणि जून १८९७ मध्ये प्लेग अधिकारी रँड ह्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता स्वतः त्याच रोगाने निवर्तल्या. एकाच साथीत आरोग्यरक्षणाची ही किती भिन्न रूपे दिसली! एकीकडे सक्ती आणि दुसरीकडे आत्मसमर्पण. हाफकिन ह्यांनी सक्तीचा मार्ग कधी धरला नाही. लस ही समजावून, संमतीने व स्वतःच्या उदाहरणाने द्यावयाची, असा त्यांचा परिपाठ होता. आगाखान ह्यांनी आपल्या अनुयायांपुढे स्वतः लस टोचून घेतली, आणि हाफकिन ह्यांच्या प्रयोगशाळेस आपले घरही वापरावयास दिले. १८९९ च्या ऑगस्टात प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर-निवासात गेली. एक लेखनिक व तीन शिपाई ह्यांच्या जागी आता पन्नासांवर माणसे राबू लागली, आणि लक्षावधी मात्रा देशोदेशी जाऊ लागल्या.

हाफकिन ह्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंग आता सांगावयाचा आहे. १९०२ साली पंजाबात प्लेगने थैमान घातले. तेथील सरकारला अतोनात लस हवी होती. ती लवकर तयार व्हावी म्हणून परळला कृतीत काही फेरफार करण्यात आले. कार्बोलिक वगळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवण्यात आली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुल्कोवाल नावाच्या खेड्यात, जे आज पाकिस्तानात आहे, एकशेसात माणसांस लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकोणीस जणांस एकाच कुपीतील लस मिळाली होती. काही दिवसांत त्या एकोणिसांसही धनुर्वात झाला, आणि एकही वाचला नाही. बाकीच्यांस काही झाले नाही. दोष त्या एका कुपीत होता हे उघड झाले.

सरकारने चौकशी नेमली. कुपी परळहून निघतानाच दूषित असावी, असा तिचा निष्कर्ष झाला. हाफकिन ह्यांनी कृतीत केलेल्या फेरफाराकडे बोट दाखविण्यात आले. ते वैद्यकीची पदवी नसलेले, परदेशी व यहूदी होते. त्यांच्या बाजूने उभे राहणारे थोडेच निघाले. त्यांस प्रयोगशाळेच्या प्रमुखपदावरून दूर व्हावे लागले, आणि १९०४ साली ते भारत सोडून गेले. ज्याने लाखोंस लस दिली, त्याचे नाव आता एकोणीस मृत्यूंशी जोडले गेले.

परंतु चौकशीच्या कागदपत्रांतच एक गोष्ट नमूद होती. तिला द्यावे तितके महत्त्व दिले गेले नव्हते. मुल्कोवाल येथे ती कुपी उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीत धरून तापवावयास हवा होता. तसे न करता त्याने तो कार्बोलिकच्या पाण्यात नुसता हलवून घेतला आणि त्यानेच बूच काढले. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, आणि असल्या धावत्या धुण्याने ते मरत नाहीत. शिवाय कुपी भरून एकेचाळीस दिवस झाले होते. जंतू आधीपासून आत असते तर इतक्या दिवसांत लसीस दुर्गंधी आली असती. कुपी उघडणाऱ्यास ती आली नव्हती. हिवतापाचा मार्ग शोधून काढणारे रोनाल्ड रॉस ह्यांनी व इतर नामांकित शास्त्रज्ञांनी १९०७ साली हे सारे उघडपणे मांडले, तेव्हा हाफकिन ह्यांच्यावरील डाग पुसला गेला.

वाचकहो, त्या मदतनिसाचा येथे तिरस्कार करावयाचा नाही. तो दुष्ट नव्हता. गर्दी होती, काम पुष्कळ होते, आणि चिमटा पाण्यात हलवून घेतला म्हणजे झाले, असे त्यास वाटले. आपण स्वच्छता केली, अशीच त्याची समजूत असणार. नेमके हेच शिकण्यासारखे आहे. नियम कसा पाळावा हे त्याला ठाऊक असेल. तो का आहे हे त्याच्या मनात ठसले नव्हते. ज्याला ज्योतीचे कारण कळले आहे तो घाईतही ज्योत टाळणार नाही. ज्याने नियम केवळ पाठ केला आहे तो घाई होताच त्यातून सूट घेईल. म्हणून नव्या सेवकास शिकविणाऱ्यांनी प्रत्येक नियमामागचे कारण सांगावे, ते पुनःपुन्हा करवून घ्यावे, आणि चूक झाली तर ती लपविण्याऐवजी तत्काळ सांगता येईल असे वातावरण ठेवावे. पडलेला चिमटा बाजूस ठेवून दुसरा मागण्याची लाज त्या मनुष्यास वाटली नसती, तर एकोणीस घरांत आक्रोश झाला नसता.

हानी तेवढ्यावर थांबली नाही. लोकांचा विश्वास ढळला आणि पंजाबातील टोचणीची मोठी मोहीम खालावली. १९०७ ह्या एका वर्षात भारतात दहा लाखांहून अधिक माणसे प्लेगने दगावली. त्यांतील किती लसीने वाचली असती हे कोण मोजणार? एका कुपीची निष्काळजी एका खेड्यात राहत नाही, ती अफवेच्या पावलांनी सर्व मुलखात जाते.

आजच्या नियमांत ह्या दुःखद अनुभवाचे सार उतरले आहे. एकदाच वापरता येईल अशी सुई निघाली आहे. गोवराची लस द्रवात मिसळल्यावर चार तासांनंतर वापरावयाची नाही, म्हणून कुपीवर वेळ लिहावयाची. लस दिल्यावर मूल अर्धा तास तेथेच थांबवावयाचे. हे नियम लोकांच्या प्राणांचे मोल देऊन आपणांस मिळाले आहेत.

निर्दोष ठरल्यावर हाफकिन १९०७ च्या अखेरीस पुन्हा भारतात आले. मुंबईची जागा भरली गेली होती, म्हणून त्यांस कलकत्त्यास पाठविण्यात आले. तेथे त्यांस लोकांवर नवे प्रयोग करण्याची मोकळीक नव्हती. ज्या कामात त्यांचा प्राण होता ते त्यांच्या हातून गेले होते. तरी कटुता न धरता त्यांनी आपली चाकरी पुरी केली, आणि वयाच्या सुमारे पंचावन्नाव्या वर्षी ते निवृत्त होऊन युरोपात गेले. उत्तरायुष्य त्यांनी आपल्या यहूदी बांधवांच्या धर्मशिक्षणाच्या कार्यास वाहिले, व आपली पुंजीही त्यास दिली. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले, आणि हे पाहण्यास ते जिवंत होते. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. १९६४ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले.

त्यांनी संसार केला नाही. त्यांचे शिष्य व त्यांची रीत हीच त्यांची संतती होय. उरण, पनवेल व जासईच्या वाड्यावस्त्यांवर लसीची पेटी खांद्यास अडकवून जाणारी प्रत्येक मुलगी ह्या वारशाची धनीण आहे. तिच्या पेटीतील कुपी कोणी मोठ्या शास्त्रज्ञाने केलेली असो, ती उघडणारा हात तिचा आहे. बाळाच्या आईस समजावून सांगणारी वाणी तिची आहे, आणि दार उघडावे की लावावे हे ती आई त्या वाणीवरूनच ठरविते. मोठ्या माणसाचे ज्ञान खेड्यातील झोपडीपर्यंत पोहोचते ते अशाच लहान हातांनी. ते हात शुद्ध, सावध व प्रामाणिक असावेत. खाली पडलेला चिमटा कोणी पाहिला नसेल, तरी तो ज्योतीतून काढल्यावाचून वापरू नये.